जीपचा खांदा

तिसऱ्यांदा तेल आलं तेव्हा पुंजारामने मनाशी ठरवूनच टाकलं, की हे काम यंत्राचं नव्हे, माणसाचं आहे. यंत्र बिघडतं, दुरुस्त केलं की गप्प बसतं. हे तेल मात्र हट्टाला पेटल्यासारखं पुन्हा पुन्हा येत होतं, आणि हट्ट फक्त माणसाला असतो, असं त्याचं मत होतं.

सायखेड्यात पुंजारामला लोक दोन गोष्टींसाठी ओळखत. एक त्याच्या मळ्यातली शेवंती आणि दुसरा त्याचा संशय. पोस्टमनने पत्र हातात दिलं की तो आधी पाकीट उन्हात धरून कुणी उघडून पाहिलंय का ते बघणार आणि मगच वाचणार. सगुणाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, चहात साखर जरा जास्त घातली तर म्हणणार, "आज काय मागायचंय?" तसा माणूस वाईट नव्हता. कुणाच्या अडल्यानडल्याला धावून जायचा. फक्त कुणी त्याच्यासाठी धावून आलं की याच्या मनात पाल चुकचुकायची.

तीन वर्षांपूर्वी त्याने बैलजोडी विकली आणि देवळाली कॅम्पात लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव होता तिथून एक जीप आणली. तिच्यामागे जोडायला छोटी ट्रॉलीही आणली. शेवंती, झेंडू, मोसमात कोबी असं सगळं ट्रॉलीत भरायचं आणि नाशिकच्या बाजारात न्यायचं. गोदाकाठच्या चिखलातून जिथे बैलं गुडघ्यापर्यंत रुतायची, तिथून ही बया चारही चाकांनी माती उडवत वर यायची. पुंजारामने गावभर सांगितलं, की आपल्या दारात आता पोळा नाही. लोखंडाला काय पुरणपोळी चारायची?

बोलायला बोलून गेला खरा, पण त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी त्याला घरात बसवेना. तो दिवस खांदेमळणीचा. वर्षभर जू वाहून बैलाचा खांदा घट्ट झालेला असतो, त्याला त्या संध्याकाळी हळद आणि तूप चोळायचं. पुंजारामने ते काम वयाच्या आठव्या वर्षापासून एकदाही चुकवलं नव्हतं. दिवेलागणीला सगुणाबाई देवापाशी होती. तेवढ्यात त्याने वाटीत तूप घेतलं, त्यात हळद कालवली आणि गोठ्यात गेला. गोठ्यात आता जीप उभी असायची. जीपचा खांदा कुठला, हा प्रश्न त्याला क्षणभर पडला. मग त्याने विचार केला, की ट्रॉलीचा भार येतो मागे. मागच्या दोन चाकांच्या मधला जो जाड लोखंडी आस आहे, तोच हिचा खांदा. तो पाठीवर आडवा होऊन जीपखाली सरकला, आसाच्या वरच्या अंगाला हळद-तूप नीट चोळलं, बोटं धोतराला पुसली आणि चोरासारखा घरात आला. कुणाला बोलला नाही. बोलला असता तर गावाने वर्षभर त्याची टर उडवली असती. पुढे दर पोळ्याला तो हेच करत आला.

यंदाचा पोळा झाला आणि पंधरा दिवसांत जीप उजवीकडे ओढायला लागली.

जीप चालवायचा गोटीराम. तो पुंजारामचा सालदार, वीस वर्षांपासूनचा. आधी बैलं हाकायचा, मग कॅम्पातल्या एका लष्करी ड्रायव्हरच्या हातापाया पडून जीप शिकला. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे जाते, म्हणजे डावं चाक धरत नाही, हे त्यानेच सांगितलं. रस्त्यावरच्या वाळू मिस्तरीने डावं मागचं चाक काढलं, वरचा ड्रम ओढला, आणि आत सगळं तेलाने थबथबलेलं. ब्रेकचे लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, भज्यांसारखे तेलात न्हालेले. वाळूने सील बदललं. सील म्हणजे आसातलं तेल चाकाकडे येऊ नये म्हणून बसवलेली रबरी कडी. लायनर रॉकेलने धुतले आणि म्हणाला, "झालं काम."

दोन आठवड्यांत पुन्हा तेच. या वेळी उजव्या चाकातही.

पुंजारामला पहिला संशय वाळूचा आला. जुनं सील पुसून नवं म्हणून बसवलं असणार. मग तो स्वतः नाशिकला गेला, दुकानात उभा राहून दोन कोरी सीलं घेतली, रात्री उशाखाली ठेवली आणि सकाळी वाळूच्या डोक्यावर उभा राहून बसवून घेतली. वाळू म्हणाला, "नाना, अजून डोळे थोडे जवळ आना, म्हंजे सील डोळ्यातच बसवतो." पुंजाराम हसला नाही.

आणि नवरात्र संपायच्या आत तिसऱ्यांदा तेल आलं.

आता वाळू सुटला, सील सुटलं, दुकानदार सुटला. राहिला कोण? जीप रोज ज्याच्या हातात असते तो. हा विचार मनात आला तेव्हा पुंजारामला स्वतःचंच वाईट वाटलं, हे खोटं नाही. पण त्याचा संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा जात नसे, खाटच टाकायचा. तो मागचं सगळं उकरू लागला. बैलं विकली त्या दिवशी गोटीराम जेवला नव्हता. बाजारातून व्यापारी दावं धरून निघाला तेव्हा हा पार वेशीपर्यंत मागे गेला होता. गेल्या महिन्यात चांदोरीचा एक ट्रॅक्टरवाला त्याच्याशी बराच वेळ बोलत होता, आणि पुंजाराम जवळ जाताच दोघं गप्प झाले होते. एवढं सगळं जुळत असताना न जुळवायचं म्हणजे मूर्खपणाच, असं त्याला वाटलं.

लायनर पुन्हा धुऊन घेतले आणि मग त्याने एक युक्ती केली. गोटीराम बाजारात उतरला असताना याने तंबाखूच्या डबीतला चुना काढला आणि चारही चाकांच्या नटांवर एकेक ठिपका लावला. चाक उघडायचं तर नटाला पाना लावावा लागणार, आणि पाना लावला की ठिपका मोडणार. रोज सकाळी अंगणात फिरण्याच्या निमित्ताने तो चार चाकं तपासायचा. वीस नट, वीस ठिपके. आठ दिवस झाले, एकही ठिपका हलला नाही. नवव्या दिवशी डाव्या चाकाच्या आतून काळं तेल टायरवर ओघळलं.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, की चाक कुणी उघडलेलंच नाही, म्हणजे गोटीराम निर्दोष. पुंजाराम म्हणाला, यानेच ठिपके पाहिलेत. तंबाखू हाही खातो, चुन्याची डबी याच्याही खिशात असते. चाक उघडून तेल ओततो आणि वरून नवा ठिपका लावतो.

यानंतर जे झालं ते वाईट झालं. वाळूकडून लायनर परत धुऊन घेतले होते, तेवढ्यावर गाडी चालेल असं पुंजारामला वाटलं. सगुणाबाईला भावाकडे नाशिकला सोडायचं होतं. ट्रॉलीत झेंडू भरलेला होता. ती पुढे बसली, गोटीराम चालवत होता. वाटेत रेल्वेचं फाटक बंद होत होतं. गोटीरामने ब्रेक दाबला आणि मागची दोन्ही चाकं धरेनात. पुढची दोन चाकं धरली, पण भरलेली ट्रॉली जीपला मागून ढकलत राहिली. त्याने जीप रस्त्याच्या कडेला वळवून बाभळीच्या झुडपात घातली. सगुणाबाईच्या कपाळाला खोक पडली, गोटीरामचं मनगट सुजलं. आगगाडी मात्र धडधडत समोरून निघून गेली.

पुंजारामला हे कळलं ते गावच्या स्टँडवर, चहाच्या हॉटेलात. दहा-बारा माणसं बसलेली. गोटीराम सुजलेला हात छातीशी धरून सांगत होता, आणि पुंजाराम सगळ्यांदेखत म्हणाला, "ब्रेकमध्ये तेल कोण घालतं ते मला ठाऊक आहे. आज माझी बायको मेली असती. किल्ली ठेव आणि उद्यापासून दारात येऊ नको."

गोटीराम उठला. त्याने किल्ली टेबलावर ठेवली, चपला घातल्या आणि गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की गोटीरामने मालकिणीचा जीव घ्यायला ब्रेकात तेल घातलं. अशा माणसाला पंचक्रोशीत कोण कामावर ठेवणार? चांदोरीच्या ट्रॅक्टरवाल्याने दुसऱ्याच दिवशी निरोप पाठवला, की आमच्याकडे जागा नाही. सगुणाबाई कपाळाला पट्टी बांधून नवऱ्याला एवढंच म्हणाली, "त्याने गाडी झुडपात घातली म्हणून मी इथं बसलेय." पुंजारामने ऐकलं, पण त्याला हवा होता तो पुरावा. पुरावा हातात आला की सगळ्यांची तोंडं बंद होतील, असं त्याला वाटत होतं.

पुराव्यासाठी तो झुडपातून काढलेली जीप स्वतः चालवत देवळाली कॅम्पात गेला. ट्रॉली न जोडता, दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकच्या भरवशावर, बैलगाडीच्या वेगाने. तिथे सावळीराम मिस्तरी होता. लष्कराच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटर म्हणून काढली, आता कॅम्पाच्या बाजारामागे पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली पाने मापाप्रमाणे ओळीने टांगलेले. पुंजारामला ती ओळ बघूनही शंका आली, की इतका नीटनेटका माणूस काम कधी करतो?

"मला दुरुस्तीपेक्षा कागद पाहिजे," पुंजाराम म्हणाला. "कुणीतरी ब्रेकमध्ये तेल घालतंय, असं लेखी द्या. गावात दाखवायचंय."

सावळीरामने चष्मा पुसला. "आधी तेलाला तर विचारू."

त्याने चाक काढलं, ड्रम काढला, लायनरवरचं तेल दोन बोटांत चोळलं, हुंगलं. मग डब्यात पाणी घेतलं आणि त्या तेलाचा थेंब त्यात सोडला. थेंब वर तरंगत राहिला. "ब्रेकचं तेल असतं तर पाण्यात विरघळलं असतं," तो म्हणाला. "म्हणजे चाकातला ब्रेकचा सिलिंडर गळत नाही. हे जाड आहे, वासही उग्र आहे. हे गिअर ऑइल. आसाच्या पोटातलं."

"बाहेरून ओतलं तर?"

"बाहेरून ओतलं तर ड्रमच्या तळाला साचेल. हे बघा." त्याने बोटाने दाखवलं. सीलच्या कडेपासून तेलाची ओली रेघ निघाली होती आणि चाकाच्या फिरण्याबरोबर बाहेर फाकली होती. "आतून आलंय. पण सील कोरं आहे, बसवलंयही चांगलं. कुणी बसवलं? त्याला सांगा, हात चांगला आहे. आता प्रश्न असा, की चांगल्या सीलातून तेलाला बाहेर ढकलतंय कोण?"

पुंजाराम पुढे वाकला. "कोण?"

सावळीरामने चाक पुन्हा बसवलं आणि पुंजारामला म्हणाला, "अर्धा तास फिरवून आणा. हळू." पुंजाराम कॅम्पाच्या मोकळ्या रस्त्यावर फिरून आला. तो येताच सावळीराम जीपखाली सरकला आणि त्याने आसाच्या पोटाचं तेल भरायचं बूच सैल केलं. फुस्स असा आवाज झाला, सोड्याची बाटली उघडल्यासारखा.

"ऐकलं?" जीपखालून आवाज आला. "वारं. हेच ढकलतंय. गाडी चालली की आत तेल तापतं, वारं फुगतं. त्याला बाहेर पडायला आसाच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं, त्याच्यावर चिमुकली टोपी. गाडीचं नाक म्हणा. नाक बंद झालं की वारं सीलातूनच वाट काढतं, आणि येताना तेल घेऊन येतं. सील शंभर वेळा बदला, तेल येणारच. तुमच्या गाडीचं नाक कुठंय ते बघू."

पुंजारामही पाठीवर आडवा होऊन आत सरकला. सावळीरामने बॅटरी मारली. सगळा आस धुऊन लख्ख होता. वरच्या अंगाला मात्र वीतभर जागेत काळं, टणक काहीतरी चिकटून होतं. सावळीरामने स्क्रूड्रायव्हरने खरवडलं. काळ्याखाली पिवळं निघालं, त्याखाली पुन्हा काळं, पुन्हा पिवळं. "चार थर आहेत. धूळ बसून दगड झालाय." त्याने एक ढलपी नाकाशी नेली. "तूप. आणि ही हळद. तुमच्याकडे गाडीची पूजा कोण करतं?"

पुंजारामच्या नाकाशी तो खवट वास आला. चार थर त्याने मोजले नाहीत, मोजायची गरजच नव्हती. जीपखाली पडल्या पडल्या त्याला गोठा दिसला, वाटी दिसली, धोतराला पुसलेली पिवळी बोटं दिसली. आणि तरी त्याच्या तोंडून गेलं, "ड्रायव्हर असेल."

"मग बिचाऱ्याने मायेनेच लावलं असणार," सावळीराम म्हणाला. "वाईट करायचं असतं तर हळद कशाला लावेल? उगाच रागावू नका त्याच्यावर. नुसतं सांगा, की इथं लावू नको."

त्याने तारेने भोक मोकळं केलं, टोपी धुऊन बसवली, लायनर नवे घातले. मग कॅलेंडरचं एक पान फाडून त्याच्या पाठीवर लिहून दिलं. दिसलं तेवढंच लिहिलं, कुणाचं नाव घातलं नाही, हळद-तूप 'कुणीतरी' लावलं एवढंच.

परतताना जीप सुतासारखी सरळ थांबत होती. कागद खिशात होता. पुंजारामला जे हवं होतं ते सगळं त्याच्याजवळ होतं. 'कुणीतरी' हा शब्द कागदावर लिहिलेला होता, आणि तो वाचून गाव कुणाकडे बघेल हे त्याला ठाऊक होतं. चांदोरीपर्यंत तो मनाला बजावत राहिला, की पुढे काही बोलायची गरज नाही. चांदोरीच्या पुढे त्याला स्वतःची इतकी शरम वाटली, की त्याने जीप कडेला घेतली आणि नुसता बसून राहिला.

गावात शिरल्यावर तो घरी गेला नाही. गोटीरामच्या दाराशी थांबला. गोटीराम ओट्यावर बसून डाव्या हाताने दोर वळत होता. त्याची बायको ठमाबाई जीप बघताच आत निघून गेली.

"मिस्तरीने लिहून दिलंय," पुंजाराम म्हणाला आणि कागद पुढे केला.

गोटीरामने कागद घेतला नाही. "मला कुटं वाचता येतं, नाना."

"मी वाचतो."

"इथं नको." त्याने दोर बाजूला ठेवला. "हाटेलात बोलला व्हतात. हाटेलातच वाचा."

दोघं चालत स्टँडवर गेले. हॉटेलात नेहमीचीच माणसं होती. दोघांना बरोबर बघून सगळे सरसावून बसले. पुंजारामने कागद उलगडला. त्याने वाचलं, "मागच्या आसावरचं वारं जाण्याचं भोक हळद आणि तुपाने बंद झालेलं. त्यामुळे तेल ब्रेकमध्ये येत होतं. सदर हळद-तूप पुंजारामने स्वतःच्या हाताने लावलेलं आहे. दर पोळ्याला."

मग हॉटेलवाल्या भिकनने हात पुढे करून कागद घेतला आणि डोळे बारीक करून वाचला. "नाना, हितं तुमचं नाव नाय. हितं 'कुणीतरी' लिवलंय."

"मी लावलं. मीच."

"तुमी?" कोपऱ्यातून एक जण म्हणाला. "तुमी तर म्हनायचे, लोखंडाला काय पुरणपोळी चारायची. काय नाना, सालदाराशिवाय फुलं नेता येईनात म्हनून त्याला पाठीशी घालताय काय?"

दोघं-तिघं हसले. पुंजारामने पुन्हा सांगितलं. मग शपथ घेतली. जितकं जास्त बोलला तितके लोक एकमेकांकडे जास्त बघू लागले. आयुष्यभर त्याने ज्या नजरेने लोकांकडे पाहिलं होतं, तीच नजर आता दहा-बारा तोंडांवरून त्याच्याकडे वळली होती, आणि तिच्यापुढे खरं बोलून काही उपयोग होत नाही, हे त्याला पहिल्यांदा समजलं.

"खरं हाय त्यांचं," गोटीराम म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. "मी पाह्यलंय. चार वर्सं. खांदेमळणीच्या सांजंला नाना वाटी घिऊन जीपखाली जात्यात. मी वैरणीच्या खोलीत असायचो. त्यांना वाटायचं कुनी बघत नाय."

कुणाला आता हसू आलं नाही. पुंजाराम बाकावर बसला. "तुला ठाऊक होतं? मग रोज जीप धुतोस, ती हळद पुसली का नाहीस?"

"खांद्याची हळद कुनी पुसतं का, नाना?" गोटीराम म्हणाला. "सगळी गाडी धुवायचो, तेवढी जागा सोडायचो. त्यानं नाक बंद व्हतंय हे मला काय ठावं."

भिकनने न सांगता दोन चहा आणून ठेवले. पुंजारामने खिशातून किल्ली काढली आणि गोटीरामच्या पुढ्यात ठेवली. गोटीरामने तिच्याकडे पाहिलं, पण हात लावला नाही. बशीत चहा ओतला, एक घोट घेतला.

"आनि ते नटांवरचे चुन्याचे ठिपके," तो म्हणाला, आवाज खाली घेऊन, फक्त पुंजारामला ऐकू जाईल असा. "तेबी मीच लावायचो. गाडी धुतली की निघून जायचे. सकाळी तुमाला दिसले नसते तर तुमचा जीव लागून ऱ्हायला असता, म्हनून परत लावून ठेवायचो."

गोटीरामने चहा संपवला, बशी उपडी ठेवली आणि मग सुजलेल्या हाताने किल्ली उचलली.